दालचिनी, मिरची आणि रुडीचं नाक

रुडी पेर्कोचं नाक गेलं ऑगस्टात, पण ते गेलंय हे त्याला कळलं सप्टेंबरात.

ऑगस्टात नुसता फ्लू झाला होता. आठ-दहा दिवस नाक चोंदलेलं, तोंडाला चव नाही; त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. मग सप्टेंबर लागला आणि प्वेब्लो या त्याच्या गावात मिरच्या भाजायला सुरुवात झाली. त्या दिवसांत गावात जागोजागी जाळीची पिंपं फिरत असतात. खाली गॅसचा जाळ, आत पोतंभर हिरव्या मिरच्या तडतडत असतात, आणि तो वास कपड्यांत, गाड्यांत, बँकेत, चर्चमध्ये भरून राहतो. रुडी गावाबाहेरच्या मेसा पठारावरच्या एका शेतकऱ्याच्या मांडवापुढे आपलं पोतं भाजून घ्यायला उभा होता. धूर थेट तोंडावर येत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वास मात्र येत नव्हता.

तो थोडा पुढे सरकला, मग आणखी थोडा.

"ओ काका," पिंप फिरवणारा ओरडला, "भुवया पण भाजून हव्यात का?"

लोक हसले. रुडीही हसला. पोतं मागच्या सीटवर टाकून तो निघाला आणि वाटभर काचा बंद ठेवून जोरजोरात श्वास ओढत राहिला. गाडीत अख्खं पोतं होतं, आणि गाडीत जणू काहीच नव्हतं.

त्या संध्याकाळी त्याच्या बायकोनं, लोरेटानं, मोसमातला पहिला रस्सा केला. डुकराचं मांस, बटाटे आणि त्याच मिरच्या. वाडगा त्याच्यापुढे ठेवून ती समोर बसली आणि म्हणाली, "कसा झालाय?"

रुडीच्या जिभेला मीठ कळलं, तिखट कळलं, गरम कळलं. बाकी सगळा ओला कापूस.

"फक्कड," तो म्हणाला.

एकदा म्हटल्यावर ते मागे घेणं अवघड झालं. दुसऱ्या दिवशी सांगायला हवं होतं, ते राहिलं. आठवड्यानं सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, मग आठवडाभर काय करत होतास? असं करत करत नाताळ आला. मधे तो गुपचूप डॉक्टरकडे जाऊन आला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, येईल कदाचित, कदाचित नाही येणार, वाट बघा. एवढं ऐकायला तो गावाच्या दुसऱ्या टोकाला गेला होता.

रुडीनं पोलादाच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून जन्म काढला होता. आता निवृत्त झाला होता. घरी बिअर बनवायचा नाद जुना. गावात अशा नादिष्टांचा एक क्लब होता. महिन्यातून एका मंगळवारी सगळे सामानाच्या दुकानामागच्या खोलीत जमायचे, एकमेकांच्या बाटल्या उघडायचे आणि एकमेकांची उणीदुणी काढायचे. त्या खोलीत रुडीचा मान होता तो त्याच्या नाकामुळे. कुणाच्या बिअरला लोण्याचा वास मारतोय, कुणाच्या बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा, हे तो पेला नाकाखाली धरून सांगायचा. बाकीचे आधी त्याच्याकडे बघायचे आणि मग प्यायचे. त्या हिवाळ्यात रुडी सगळ्यांत शेवटी बोलायला लागला. कुणी म्हणालं, "जरासं लोणी येतंय का?" की तो विचार केल्यासारखा थांबायचा आणि होकारार्थी मान हलवायचा. एवढ्यावर भागत होतं.

जानेवारीत वेंडलनं त्याला घरी बोलावलं. वेंडल क्लबचा अध्यक्ष. शाळेत बँड शिकवून निवृत्त झालेला मास्तर, आवाज अजून मैदानावरचाच. त्यानं उत्तरेकडच्या एका ब्रुअरीची फक्त हिवाळ्यात निघणारी स्टाउट बिअर मिळवली होती. डांबरासारखी काळी, चॉकलेट, दालचिनी आणि सुकी मिरची घातलेली, वाइनसारखी चढणारी. लेबलावर एक डोळा मिटलेलं घुबड होतं, म्हणून सगळे तिला घुबडच म्हणत.

रुडीनं घोट घेतला. आधी करपल्यासारखा कडवटपणा आला, मग जिभेवर जाड गोडी पसरली. गिळून झाल्यावर घशाच्या मागच्या बाजूनं मिरची सावकाश वर चढली आणि तिच्या मागोमाग छातीत दारूची ऊब उतरली. रुडीनं पेला खाली ठेवला. तोंडात एखादी गोष्ट सुरू होते, पुढे सरकते आणि संपते, हे त्याला कित्येक महिन्यांनी पहिल्यांदाच जाणवलं होतं.

"काय रे, रडतोयस?" वेंडल म्हणाला.

"मिरची लागली."

"प्वेब्लोचा माणूस तू! बाहेर कुठे बोलू नकोस."

"वेंडल, मी ही घरी करणार."

"कर की. घुबड नाही जमलं तर कावळा तरी होईल."

फेब्रुवारीत रुडीनं गॅरेजमध्ये मोठं पातेलं चढवलं. काळं भाजलेलं बार्लीचं माल्ट आणि ओट भरडून गरम पाण्यात मुरवले. तो काळा, गोड काढा गाळून हॉप्सच्या कडू फुलांबरोबर उकळला, थंड केला, यीस्ट घातलं आणि काचेच्या मोठ्या बरणीत भरून तळघरात ठेवला. हातांना सगळं पाठ होतं. आंबणं थंडावल्यावर त्यानं बरणीत भाजलेल्या कोकोचा चुरा, दालचिनीच्या काड्या आणि सुक्या मिरच्या सोडल्या. मग रोज नळीनं घोटभर काढून चाखायचा. मिरची कळायची, म्हणून आणखी एक मिरची. मग आणखी एक. दालचिनी आणि चॉकलेट कितपत उतरलंय, याला मात्र अंदाजाशिवाय आधार नव्हता.

मे महिन्याच्या मंगळवारी त्यानं बाटल्या क्लबात नेल्या. सगळ्यांनी पेले उचलले आणि सवयीनं आधी रुडीकडे पाहिलं. रुडीनं मान डोलावली. मंडळी प्याली. मग एकेकाला ठसका लागला.

"रुडी," वेंडल डोळे पुसत म्हणाला, "ही पेल्यात ओतायची, की अस्वल अंगावर आलं तर त्याच्या तोंडावर फवारायची?"

हसणं ओसरल्यावर ओडेसा नावाची एक नवी सभासद जरा चाचरतच बोलली. ती इस्पितळात नर्स होती. "मी नवीन आहे, चुकत असेन. पण मला हिला बँडेजचा वास येतोय. अगदी उघडल्या उघडल्या."

आता सगळे पुन्हा रुडीकडे बघायला लागले.

"हो, येतोय," रुडी म्हणाला. "थोडासा."

"थोडासा?" वेंडलचा आवाज चढला. "अरे, या वासात अपेंडिक्स काढता येईल! बाटलीत भरताना तुला आला नाही?"

रुडीनं उरलेल्या बाटल्या खोक्यात भरल्या आणि घर गाठलं. वाटेत त्याच्या लक्षात आलं काय झालं ते. पूर्वी नळ सोडला की क्लोरीनचा वास यायचा आणि पाण्यात क्लोरीन मारणारी गोळी टाकायची आठवण व्हायची. या वेळी वासच नव्हता, म्हणून आठवण नव्हती, म्हणून गोळी नव्हती, आणि त्या क्लोरीननंच बिअरला बँडेजचा वास लावला होता.

लोरेटा स्वयंपाकघरात होती. ती दाताच्या दवाखान्यात फोन आणि अपॉइंटमेंटा सांभाळायची. बिअर तिनं उभ्या जन्मात आवडीनं प्यायली नव्हती. गॅरेजमध्ये माल्ट उकळायला लागलं की "ओल्या कुत्र्याची लापशी शिजतेय" म्हणून ती खिडक्या लावून घ्यायची. पण त्याचा चेहरा बघून तिनं एक बाटली उघडली, वास घेतला आणि मागे सरली.

"अगं बाई! हा तर आमच्या दवाखान्याचा वास."

"हो ना."

"आणि तू ही लोकांना पाजलीस?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "डोळे मीट."

"कशाला?"

"मीट म्हणते ना!"

त्यानं डोळे मिटले. मसाल्यांचं कपाट उघडल्याचा आवाज आला, झाकण निघाल्याचा आवाज आला. "सांग काय आहे," ती म्हणाली.

"दालचिनी," रुडी ठासून म्हणाला.

"मांजराचं खाणं आहे, रुडी."

त्यानं डोळे उघडले. मांजराचा अर्धा उरलेला डबा त्याच्या नाकाला लागलाच होता. कपाट तिनं मुद्दाम वाजवलं होतं.

"केव्हापासून?"

"मागच्या मिरच्यांपासून."

लोरेटा खुर्चीवर बसली. ती मनात मागे मागे जात होती, ते त्याला दिसत होतं. "नाताळात मी तुझ्या आईची ती गोड पावाची गुंडाळी केली, पोतित्सा," ती म्हणाली. "अक्रोड मिळाले नाहीत म्हणून पेकन घातले. वर संत्र्याची साल किसली. मला धाकधूक होती. तू म्हणालास, अगदी आईच्या हातची. दोनदा घेतलीस."

"अगं, मला वाटलं—"

"मी बहिणीला फोन करून सांगितलं. रुडीला आवडली म्हणून." ती उठली आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी जेवायला उकडलेले बटाटे होते. मीठ नाही, लोणी नाही. तिसऱ्या दिवशी उकडलेले बटाटे आणि उकडलेलं अंडं.

"यात थोडं मीठ—" रुडी म्हणाला.

"तुला काय फरक पडतो?"

रुडी खाली मान घालून जेवला. त्यानंतर आठवडाभर बटाटेच. ती स्वतःही तेच खात होती, म्हणजे शिक्षा दोघांनाही होती. शेवटी एका दुपारी त्यानं काटा खाली ठेवला.

"मी सांगितलं असतं तर तू जिवावर येऊन स्वयंपाक केला असतास," तो म्हणाला. "तू रस्सा हलवताना गुणगुणतेस. मला वाटलं, ते बंद होईल."

"आणि तू खोटं बोललास म्हणून ते चालू राहिलं, असं?"

"चालू तर राहिलं."

लोरेटानं ताटातला बटाटा काट्यानं चिरडला. "तुझं नाक गेलं याचा मला राग नाहीये. खोटं बोललास त्याचाही नाही फारसा. माणसं बायकोच्या स्वयंपाकाबद्दल खोटं बोलतातच. पण इतके महिने मी या टेबलावर एकटी जेवत होते, रुडी. मला वाटत होतं, आपण दोघं जेवतोय."

त्यानं तिचा हात धरला. तिनं थोडा वेळ धरू दिला आणि मग ताटं उचलली. त्या संध्याकाळी बटाट्यांत मीठ होतं.

शनिवारी तो मागच्या अंगणात एल्मच्या झाडाखाली बिघडलेल्या बाटल्या रिकाम्या करत होता. लोरेटा खुर्ची घेऊन आली आणि जरा लांब बसली.

"ते झाड मरेल."

"त्याला नाक नाही."

ती हसली नाही, पण ओठ आवळून घेतले. मग म्हणाली, "या बिअरची चव कशी यायला हवी होती?"

"कोण जाणे. मला घुबडाची चवच माहीत नाही, लोरेटा. ती कुठे टोचते आणि कुठे गरम लागते, तेवढंच माहीत आहे. म्हणून तर आवडली."

लोरेटा खुर्चीवरून उठली. मग आत जाऊन तिनं वेंडलला फोन लावला. "वेंडल, घुबड आहे का एखादं शिल्लक? ... हो, मीच. ... हो, प्यायला. ... तुला काय करायचंय? डॉक्टरांनी सांगितलंय म्हण."

बाटली आली. लोरेटानं चहाचा चमचा घेतला, औषधासारखी स्टाउट चमच्यात ओतली, तोंडात धरली आणि डोळे घट्ट मिटले.

"ई."

"ई म्हणजे?"

"थांब रे. करपलेलं दूध. नाही, करपलेलं नाही. चॉकलेटचं दूध उतू जाऊन पातेल्याच्या कडेला वाळतं ना, ते." तिनं दुसरा चमचा घेतला. "मनुका. खूप मनुका. मग दालचिनी, पण आपल्या डब्यातली नाही. माझी आजी आणायची ती पातळ सालीची, हातानं चुरा होणारी. आणि मागे एक दरवाजा आहे."

"दरवाजा?"

"लाकडी. पावसात भिजलेला. सान लुईसच्या चर्चचा होता ना, तसा."

त्याच चर्चमध्ये त्यांचं लग्न झालं होतं. दार फुगून बसलं होतं म्हणून पाहुण्यांना बाजूनं आत घ्यावं लागलं होतं. रुडीला ते दार डोळ्यांसमोर दिसलं, आणि मग काय झालं कोण जाणे, त्याला वास आला नाही, पण वास कसा होता ते आठवलं.

"दरवाजा चांगला की वाईट?" त्यानं विचारलं.

"दरवाजा म्हणून चांगला. पिण्यासाठी वाईट. आण इकडे, अजून एक चमचा."

त्या उन्हाळ्यात घरात एक नवीच रीत पडली. लोरेटा आधी घास घ्यायची आणि काय लागतंय ते सांगायची; मग रुडी खायचा. सुरुवातीला ती शब्दांसाठी अडायची. पुढे पुढे तिला त्यात मजा यायला लागली. एकदा तिनं भोपळ्याच्या भाजीचं असं काही वर्णन केलं की रुडीनं तीनदा घेतली, आणि मग ती म्हणाली, "आज सगळं खोटं सांगितलं. भाजी पांचट झाली होती. फिट्टंफाट." आणि मनसोक्त हसली.

ऑक्टोबरात त्यांनी दुसरी बिअर घातली. त्यांनी म्हणजे दोघांनी. रुडीनं नळ सोडला तेव्हा लोरेटा पाण्यावर वाकली आणि म्हणाली, "गोळी टाक." माल्ट उकळायला लागलं तशी नाकाला रुमाल बांधून ती गॅरेजच्या दारात बसली. मेक्सिकन दुकानातून तिनं आजीची ती पातळ दालचिनी आणली होती, आणि मेसावरून सुक्या मिरच्यांची माळ. बाहेरची मिरची तिनं घरात येऊ दिली नाही.

भांडण झालं ते मिरच्यांवरून. बिअर आंबून निवली होती. रुडी तळघरात मूठभर मिरच्या घेऊन उभा, आणि लोरेटा बरणीच्या तोंडावर हात ठेवून.

"दोन," ती म्हणाली. "बस."

"दोन मला कळणारसुद्धा नाहीत!"

"लोकांना कळतील."

"लोकांना चॉकलेट आहे, दालचिनी आहे, मनुका आहे, तुझा तो दरवाजा आहे! मला काय आहे? मला एवढीच तर गोष्ट आहे, लोरेटा. तीही मोजून द्यायची?"

तो इतक्या मोठ्यानं कधी बोलत नसे. तळघरात आवाज घुमला. लोरेटानं हात काढला नाही. जरा वेळानं तिनं फळीवरची लहान बरणी खाली घेतली, धुतली, मोठीतली थोडी बिअर नळीनं तिच्यात उतरवली आणि त्याच्यापुढे सरकवली.

"ही तुझी. घाल काय घालायचं ते. नरक कर तिचा."

रुडीनं मूठ लहान बरणीत रिकामी केली. मोठीत दोन मिरच्या पडल्या. जिना चढताना लोरेटा म्हणाली, "मलासुद्धा तुझी चाखायचीय. एक चमचा." पुढे तिनं चाखली आणि पाव तास नळाखाली तोंड धरून बसली, पण ते नंतर.

फेब्रुवारीत क्लबात बाटल्या उघडायची वेळ आली. रुडी लोरेटाला घेऊनच गेला. पेले भरले गेले, आणि सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नका," रुडी म्हणाला. "माझं नाक गेलंय. दीड वर्ष होईल. मधल्या काळात मी तुमच्या बिअरबद्दल जे जे बोललो ते सगळं हवेतलं होतं. हिला विचारा."

खोलीत जरा चुळबुळ झाली. मागच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, "म्हणजे माझ्या गव्हाच्या बिअरला तू चांगली म्हणालास ती—"

"तिचं काही सांगता येत नाही."

"नंतर बघू," वेंडल म्हणाला. त्यानं रुडीच्या खांद्यावर हात ठेवला, दाबला आणि काढून घेतला. मग मैदानावरच्या आवाजात म्हणाला, "लोरेटा, सांग बाई, काय पितोय आम्ही?"

लोरेटा उभी राहिली. दवाखान्यात फोनवर बोलते तशीच सरळ बोलली. "आधी चॉकलेट, कडू. मग अंजीर. मनुका नाही, अंजीर. मग दालचिनी. आणि शेवटी आपली मिरची, पण ती तिखट लागत नाही, ती नुसती दार उघडून बघते. बँडेज कुठेही नाही, आणि मला बिअर अजिबात आवडत नाही."

लोक प्याले. या वेळी कुणी खोकलं नाही. वेंडलनं शेजारी घुबडाची एक बाटली उघडली आणि दोन्ही आलटून पालटून चाखल्या. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"घुबड अजून एक फांदी वर बसलंय," तो म्हणाला. "पण एकच."

"ते तुझं पाळलेलं आहे म्हणून," लोरेटा म्हणाली.

ओडेसा म्हणाली, "मला वाटतं, दालचिनी थोडी जास्त झालीय."

"दालचिनी जास्त नाही झालेली. तुम्ही इस्पितळवाले कमी खाता."

सगळे हसले, ओडेसाही. रुडीनं आपल्या लहान बरणीची बाटली काढली आणि स्वतःच्या पेल्यात ओतली. कडू, गोड, जड, आणि मग मिरचीचा जाळ कानापर्यंत गेला. त्याच्यासाठी ती चांगली बिअर होती, आणि तसं तो म्हणालाही. समोर बाकीचे अंजिरावरून वाद घालत होते. त्यातलं अक्षरही त्याच्या जिभेवर नव्हतं, तरी त्याला उठून जावंसं वाटलं नाही. "अंजीर नाही, आलुबुखार," कुणी म्हणालं की तो लोरेटाकडे बघायचा, आणि ती नाही म्हणून मान हलवायची.

परत जाताना बर्फ भुरभुरत होता. लोरेटा गाडी चालवत होती, कारण रुडीच्या पोटात त्याची स्वतःची बाटली अख्खी गेली होती. कारखान्याच्या पुलावर आल्यावर म्हणाली, "पुढच्या वेळी काड्या तीन दिवस आधी काढायच्या."

"कसल्या काड्या?"

"दालचिनीच्या. ती नर्स बरोबर बोलत होती."

"मग तिथे का नाही म्हणालीस?"

"आपण बरोबर होतो हे तिला कळलं असतं ना," लोरेटा म्हणाली, आणि पुलाच्या उतारावर तिनं गाडी सावकाश खाली घेतली.